नीट झाली, पण बायो किती कळलं? मराठवाड्यातल्या जीवशास्त्राच्या परीक्षांची पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या कुठल्याही जिल्ह्याच्या ठिकाणी बी.एस्सी. प्रथम वर्षाचा बॉटनी-झूलॉजीचा वर्ग पाहिला, तर त्यातली बरीच मुलं वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा देऊन आलेली सापडतात. काहींनी एकदा दिलेली असते, काही रिपीटर असतात. थोडी तर बीएएमएस-बीएचएमएसच्या, म्हणजे आयुष (आयुर्वेद-होमिओपॅथी) प्रवेशाच्या, पुढच्या राउंडकडे डोळे लावून तात्पुरती बसलेली असतात. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० एकट्या जीवशास्त्राचे. १८० प्रश्नांपैकी ९० प्रश्न बायोचे. म्हणजे या विषयाची एवढी कसून तयारी केलेली मुलं पूर्वी कुठल्याही पिढीत पहिल्या वर्षाच्या वर्गात बसलेली नव्हती.

आता याच वर्गाला एक साधा प्रश्न विचारायचा. उसाची कांडी लावली, वर्षभरानं एकरी कित्येक टन ऊस निघाला. हे वजन आलं कुठून? पाणी सोडून बोला, कारण उभ्या उसात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. उरलेली साखर आणि चिपाड कशातून तयार झालं?

‘जमिनीतून’, ‘खतातून’, ‘युरियातून’ ही उत्तरं हमखास येतात. गंमत अशी, की हीच मुलं ऊस सी-फोर वनस्पती आहे हे झोपेतही सांगतील. प्रकाशसंश्लेषणात तिचा पहिला स्थिर पदार्थ चार कार्बनचा ऑक्झॅलोअ‍ॅसिटिक आम्ल, हेही पाठ. पण ते कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतात आणि उसाचा कोरडा भाग बहुतांशी त्यांच्यावरच उभा राहतो, ही जोडणी झालेली नसते. यात एकट्या मराठवाड्याच्या मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. सतराव्या शतकात व्हॅन हेल्माँटनं विलोचं झाड कुंडीत पाच वर्षं वाढवलं, माती आधी आणि नंतर तोलली, आणि मातीत जेमतेम दोन औंसांची घट दिसल्यावर झाड पाण्यातून झालं असा निष्कर्ष काढला. हवा त्याच्याही हिशोबात नव्हती. ऑस्ट्रेलियात हॅस्लम आणि ट्रीगस्ट यांनी १९८७ मध्ये प्रकाशसंश्लेषण आणि श्वसनावर दोन पायऱ्यांची चाचणी तयार केली. आधी उत्तर निवडा, मग त्या उत्तराचं कारण निवडा. उत्तर बरोबर आणि कारण चूक अशी जोडी किती वेळा निघते, ते अशा चाचणीत उघडं पडतं.

आपल्याकडे कारणाची पायरी परीक्षेत आलीच नाही. ती का आली नाही, हे समजायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणाची सूत्रं हैदराबादेत होती. १९१८ साली सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचं, त्यासाठी पाश्चात्त्य विज्ञानाची पुस्तकं उर्दूत आणणारं भाषांतर खातंही उभं केलेलं. औरंगाबादचं इंटरमीजिएट कॉलेज १९२३ चं. मराठवाड्यातल्या मुलाला विज्ञान शिकायचं तर वाट हीच. घरी मराठी, वर्गात उर्दू, आणि पेपर हैदराबादेत काढलेला. पोलीस ॲक्शननंतर चित्र पालटलं. १९५० मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केलं, तेच पुढं मिलिंद झालं. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं पीपल्स कॉलेज आलं. अंबाजोगाईचं योगेश्वरी १९५६ चं. तरी परीक्षा काही वर्षं उस्मानियाच्याच होत्या. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं आणि एस. आर. डोंगरकेरी पहिले कुलगुरू झाले, तेव्हा कुठं पेपर काढणारा आणि सोडवणारा एका मुलखातले झाले.

पेपरची घडण मात्र तीच राहिली. ‘सुबक आकृती काढून सविस्तर वर्णन करा’, ‘फरक स्पष्ट करा’, ‘टिपा लिहा, कोणत्याही दोन’. बेडकाची पचनसंस्था, गांडुळाची प्रजननसंस्था, एकदल-द्विदल खोडाचा आडवा छेद. परीक्षेला काय येणार हे वर्षानुवर्षं ठरलेलं असायचं आणि गाइडवाल्यांना ते आधी कळायचं. राधाकृष्णन आयोगानं १९४९ च्या अहवालातच सांगून ठेवलं होतं, की विद्यापीठ शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षेची असावी. अहवाल ग्रंथालयात गेला, टिपा चालू राहिल्या.

प्रात्यक्षिक परीक्षेत तरी वस्तू समोर असायची. स्पॉटिंगला टेबलावर ओळीनं बरण्या, स्लाइडी, हाडं मांडलेली. घंटा वाजली की पुढं सरकायचं. ओळखा, वर्गीकरण लिहा, दोन वैशिष्ट्यं लिहा. पण कॉलेजात ॲस्कॅरिस या जंताची बरणी एकच, तारामासा एकच, आणि तेच वर्षानुवर्षं फॉर्मालिनमध्ये. त्यामुळं प्राण्यापेक्षा बरणी ओळखण्याची कला पोरांनी चांगलीच कमावली होती. झाकणाचा रंग, तडा गेलेला कोपरा, अर्धं फाटलेलं लेबल. सीनियर मुलं ज्युनियरला हा वारसा न चुकता देत. कांद्याच्या मुळाची स्क्वॅश स्लाइड मात्र खरी परीक्षा घ्यायची. मूळ नीट तापवून मऊ केलं नाही, काचेवर अंगठा नीट दाबला नाही, की पेशी एकमेकींवर चढतात आणि मेटाफेज, म्हणजे पेशीविभाजनाचा मधला टप्पा, शोधता शोधता वेळ संपतो. तिथं पाठांतर कामाला येत नसे. विच्छेदनाचं तसंच होतं. ते टप्प्याटप्प्यानं कमी करण्याच्या सूचना विद्यापीठ अनुदान आयोगानं २०११ मध्ये काढल्या आणि २०१४ मध्ये ते बंदच करायला सांगितलं. प्राण्यांच्या दृष्टीनं योग्यच झालं. पण त्या जागी हाताला काम देणारी दुसरी परीक्षा फारशी कुणी उभी केली नाही. तक्ते आले.

यात एक मोठा बदल सत्तरच्या दशकाच्या मध्यात झाला आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. १०+२+३ आलं. तोवर कॉलेजातलं पहिलं जीवशास्त्र विद्यापीठाच्या हातात होतं, आता ते अकरावी-बारावी बनून शिक्षण मंडळाकडे गेलं. इमारत बऱ्याचदा तीच, प्रयोगशाळा तीच, पण परीक्षेचा मालक वेगळा. पेशी, समसूत्री विभाजन, मेंडेल, ऊती हे अकरावी-बारावीत एकदा तपासलं जातं आणि प्रथम वर्षाला विद्यापीठ पुन्हा तपासतं. त्यामुळं पहिल्या वर्षाच्या प्राध्यापकाला आपल्यापुढं आलेल्या मुलाला काय येतं ते कधी तपासावंसंच वाटत नाही, ते आधी कुणीतरी तपासलेलं असतं. आणि ज्यानं तपासलं त्याचा हेतू वेगळाच होता: जागा वाटणं.

औरंगाबादचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ चं, अंबाजोगाईचं आणि नांदेडचं त्यानंतरचं. आधी इंटर सायन्सचे, मग बारावीचे गुण ही वैद्यकीयची शिडी. लातूर पॅटर्न जन्मला तो या काळात. १९७० मध्ये सुरू झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचं आणि त्याचे संस्थापक प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांचं नाव त्यात पहिल्यांदा घेतलं जातं. दुष्काळी भागातली, मराठी शाळांतून आलेली मुलं, दररोजचा सराव, प्रश्नपत्रिकांवर प्रश्नपत्रिका, शिक्षकांची पहाटेपासूनची हजेरी. लेखी उत्तर किती मुद्द्यांत आणि किती आकृत्यांसह लिहायचं, याचं शास्त्रच तिथं झालं. याला नुसती घोकंपट्टी म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं, की ज्या मुलाच्या घरात आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही, त्याच्यापुढं दुसरा कोणता मार्ग होता.

१९९९ मध्ये सीईटी, म्हणजे राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, आली आणि लिहायचं संपलं, गोळे काळे करायचे सुरू झाले. बहुपर्यायी प्रश्नाची कल्पना मुळात अमेरिकेतली. कॅन्ससच्या फ्रेडरिक केलीनं १९१४-१५ च्या सुमारास शाळकरी मुलांच्या मूकवाचनाच्या चाचणीसाठी ती वापरली, कारण तपासणाऱ्यागणिक गुण बदलू नयेत हा त्याचा हेतू होता. आपल्याकडेही ती आली ती त्याच कारणानं: बारावीच्या पेपरांवर आणि कॉपीच्या केंद्रांवर कुणाचा विश्वास उरला नव्हता. सीईटीत २०० पैकी १०० गुण जीवशास्त्राचे आणि चुकीला दंड नाही. लातूरनं ही परीक्षाही पचवली. मग २०१३ मध्ये नीट, त्याच जुलैत सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली, पुन्हा सीईटी, २०१६ मध्ये नीट परत, त्या वर्षापुरती राज्यांना अध्यादेशानं सूट, आणि २०१७ पासून नीट पक्की. तेव्हापासून पेपर दरवर्षी मराठीतही मिळतो. चूक उत्तराला एक गुण वजा, बरोबरला चार. एनसीईआरटीचं पुस्तक ओळ न् ओळ पाठ करणं ही नवी रीत झाली.

मराठवाड्यात परीक्षा म्हणजे जागा, हे समीकरण किती घट्ट आहे हे ७०:३० च्या वादातून दिसलं. वैद्यकीयच्या ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना असल्यानं, कॉलेजं कमी असलेल्या मराठवाड्याच्या मुलांना जास्त गुण असूनही प्रवेश हुकतो, ही तक्रार अनेक वर्षांची होती. सप्टेंबर २०२० मध्ये ते सूत्र रद्द झालं, आणि वैद्यकीय शिक्षणमंत्री तेव्हा लातूरचेच अमित देशमुख होते. एका गुणावर एवढं अवलंबून असेल तर तो गुण मिळवायच्या आडवाटाही निघतात. २०२४ च्या नीट पेपरफुटी प्रकरणाच्या तपासात लातूरचंही नाव आलं.

या सगळ्या धावपळीत दुसरीकडं जगात एक वेगळी परीक्षा घडत होती, आणि तिला प्रवेशाशी काही देणंघेणं नव्हतं. भौतिकशास्त्रात १९९२ ला बलाच्या संकल्पनांची चाचणी आली. अमेरिकन प्राध्यापकांनी ती आपल्या विद्यार्थ्यांना दिली आणि गणितं सटासट सोडवणारी मुलं साध्या प्रश्नांवर अडखळताना पाहिली. जीवशास्त्रात २००२ मध्ये अँडरसन, फिशर आणि नॉर्मन यांनी नैसर्गिक निवडीवर २० प्रश्नांची चाचणी केली, २००८ मध्ये आनुवंशिकीची आली, २०१० मध्ये रेण्वीय आणि पेशी जीवशास्त्राच्या पहिल्या अभ्यासक्रमासाठीची. यांची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. आधी विद्यार्थ्यांना बोलतं करायचं, त्यांची चुकीची समजूत त्यांच्याच शब्दांत टिपायची आणि तेच शब्द चुकीचा पर्याय म्हणून ठेवायचे. आपल्या पेपरातला चुकीचा पर्याय बहुधा मुलाला फसवण्यासाठी असतो. इथला पर्याय, मूल कुठं फसलंय ते शिक्षकाला सांगतो.

२००२ च्या चाचणीत गॅलापागोसच्या फिंच पक्ष्यांची, गप्पी माशांची आणि कॅनरी बेटांवरच्या सरड्यांची उदाहरणं आहेत. मराठवाड्यात त्यासाठी इतक्या लांब जायला नको. बीटी कापूस देशात २००२ ला आला, दोन जनुकांचं बोलगार्ड-२ २००६ ला, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं मराठवाडा-विदर्भातली बोंडं पोखरली. अळी बीटीला का दाद देईना? ‘तिला विषाची सवय झाली’, ‘तिनं स्वतःत बदल केला’ हे पर्याय गावात आणि वर्गात सारख्याच सहजतेनं निवडले जातील. थोड्या अळ्या आधीच तग धरणाऱ्या होत्या, बाकीच्या मेल्या, तग धरणाऱ्यांचीच प्रजा उरली, हे उत्तर मात्र निवडीचं आहे. आणि पुढचा प्रश्न: ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबत बिगर-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी का दिली जात होती? ती बहुतेकांनी बांधावर फेकली किंवा लावलीच नाही. ती का लावायची, हे ज्याला कारणासह सांगता येईल त्याला निवड समजली असं खुशाल धरावं. नीटला हा धडा आहे, पण विचारलं जातं ते बीटी विषाच्या जनुकाचं नाव.

परीक्षा सुधारण्याचा विचार आपल्याकडे आलाच नाही असं मात्र नाही. प्रश्नांच्या पातळ्या लावणारे बेंजामिन ब्लूम १९५७-५८ च्या सुमारास भारतात येऊन शालेय परीक्षांवर काम करून गेले. त्यांचं नाव आमच्या महाविद्यालयांत खरं घुमू लागलं ते महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलींमुळं. प्रश्नपत्रिकेत गुणांशेजारी एक रकाना वाढला: ‘आठवणे’, ‘आकलन’, ‘उपयोजन’. टिपेचा प्रश्न तोच, समोर ‘आकलन’ लिहिलं की भागतं. कोविडच्या वर्षी विद्यापीठाच्या परीक्षाही ऑनलाइन बहुपर्यायी झाल्या आणि नंतर पुन्हा लेखीवर गेल्या. नव्या शैक्षणिक धोरणात श्रेयांक आणि अंतर्गत मूल्यमापनाचा वाटा वाढल्यानं शिक्षकाच्या हातात थोडी मोकळीक आली आहे, हे खरं.

ती वापरायची तर अडचणी कागदावरच्या नाहीत. संकल्पनांची चाचणी गुणांशिवाय घ्यावी लागते, आणि मुलांचा पहिला प्रश्न असतो, ‘सर, याचे मार्क आहेत का?’ नाही म्हटलं की निम्मी मुलं अंदाजे टिक करून मोकळी होतात. आहेत म्हटलं तर प्रश्न आठवड्याभरात झेरॉक्सच्या दुकानात पोचतात आणि चाचणी कायमची वाया जाते. म्हणूनच अशा चाचण्या करणारे बरेच जण त्यांची उत्तरं उघड करत नाहीत. शिवाय ती वर्गाच्या सुरुवातीला आणि सत्राच्या शेवटी अशी दोनदा द्यायची असते, म्हणजे मधल्या शिकवण्यानं काय फरक पडला ते दिसतं. इथं मध्येच आयुषच्या राउंड लागतात. पहिल्या चाचणीला पुढच्या बाकावर बसलेली मुलं दुसऱ्या चाचणीपर्यंत टीसी काढून गेलेली असतात, आणि दोन याद्या जुळवायला बसलेल्या शिक्षकाच्या हातात निम्म्या वर्गाचाच हिशोब उरतो.