तीस सेकंदांची सूट नसते

‘तीस सेकंदांपर्यंत गाणं वापरलं तर कॉपीराइट लागत नाही’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. खरा वाटतो, कारण रील्समध्ये तुकडेच तर वाजतात. पण तिथं परवाना ॲपवाल्यांनी घेतलेला असतो, आणि तो सहसा ॲपपुरताच. तोच तुकडा बेळगावातल्या कुंद्याच्या दुकानाच्या जाहिरातीला लावायचा तर हक्कदाराची परवानगी हवी.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ उघडून बघा, सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. खाजगी अभ्यास, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन अशा सवलती आहेत. सेकंदांची सरसकट सूट नाही.

आपल्याकडची खरी गुंतागुंत वेगळीच. शहापुरातल्या एखाद्या खोलीत भिंतीला चादरी लावून, पंखा बंद करून पोरं शेकडो वर्षांचा अभंग गिटारवर रेकॉर्ड करतात. अभंगाचे शब्द सर्वांचे. नवी चाल मात्र बांधणाऱ्याची, आणि ध्वनिमुद्रण निर्मात्याचं, प्रकाशनानंतर ६० वर्षं. नोंदणी नसली तरीही. (नोंदणीचा कागद वादात पुरावा म्हणून कामाला येतो, एवढंच.) खानापूरच्या भजनी मंडळानं तोच अभंग आपल्या चालीत गायला कुणाची हरकत नाही.

तुकडा हवाच असेल तर पोरांना फोन करा. कधी पैसे मागतील, कधी नुसतं नाव द्या म्हणतील.