झडीच्या दिवसांतलं नैराश्य

बेळगावजवळचं जांबोटी ओलांडून घाटातल्या कणकुंबीकडे निघालं की पावसाळा म्हणजे काय ते कळतं. झड लागली की आठवडा-आठवडा ऊन नाही, भरदुपारी घरात दिवा लावावा लागतो. अशात कुणी सारखं झोपून राहिलं, बोलेनासं झालं, तर 'आळस चढलाय' म्हणून घरचे मोकळे होतात. मला हे फार खटकतं, कारण त्यातल्या काहींना खरोखर आजार असतो.

ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचं वर्णन 1984 साली अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी केलं. झोप वाढते, गोड आणि पिठूळ खावंसं वाटतं, कशातच मन रमत नाही. ऋतू पालटला की माणूस पूर्ववत होतो, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. संशोधन मुख्यतः उत्तरेकडच्या देशांतल्या आखूड हिवाळी दिवसांवर झालं. बेळगावात डिसेंबरातला सर्वांत लहान दिवसही अकरा तासांहून मोठा असतो. आपल्याकडे उजेड तुटतो तो मृगानंतर.

डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशींचं मुख्य काम पाहणं नव्हे, तर उजेड किती आहे हे मेंदूतल्या घड्याळाला कळवणं. सकाळचा उजेड पोचला की झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन ओसरतं. तो कमी पडला तर घड्याळ मागे सरकतं. ट्यूबलाइटच्या खोलीत साधारण 100 ते 300 लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड असतो. ढगाळ आभाळाखाली तो हजारांत जातो. डोळे जुळवून घेतात म्हणून हा फरक जाणवत नाही, पण मेंदूतल्या घड्याळाला तो कळतो. लावणीला चिखलात उतरलेल्यांना हा उजेड आपसूक मिळतो. स्वयंपाकघरात अडकलेल्या बायका, परीक्षेची मुलं, म्हातारी माणसं यांना नाही. त्यांनी सकाळचा चहा आत न घेता पडवीच्या कडेला बसून घ्यावा, पाऊस उघडला की फेरी मारावी, रोज एकाच वेळी उठावं.

परदेशात सकाळी अर्धा तास 10,000 लक्सच्या दिव्यासमोर बसवतात. तो मनाने आणून लावू नये. द्विध्रुवी आजार (कधी खोल उदासी, तर कधी अति उत्साह) असलेल्यांना त्याने उन्माद येऊ शकतो. समुपदेशन आणि गोळ्यांचाही चांगला उपयोग होतो.

उदासी दोन आठवडे हटली नाही तर डॉक्टर गाठा. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आपल्याला जवळ आहे. जगणं नको वाटू लागलं तर मात्र एक दिवसही थांबू नका: टेली मानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही.