नस म्हणजे नक्की कुठली, रगताची का निरोपाची?

आमची आत्ती निपाणीत विड्या वळते. मांडीवर सूप घेऊन दोन-दोन तास एकाच बैठकीत, आणि उठताना पायाला मुंग्या आल्या की वाक्य ठरलेलं, "नसंत रगात अडकलंय बघ." कुठल्या नसंत म्हणून विचारलं तर बोट पोटरीवरच्या निळ्या फुगलेल्या रेषेवर. ती रेषा म्हणजे शीर, रगताची. मुंग्या आल्यात त्या वेगळ्याच नसंत, जी तिला दिसतच नाही. तिचा एकटीचा दोष नाही हो, आपल्यात नस म्हणलं की दोन्ही आलं, आणि इकडं कन्नडात पण नर हा शब्द बोलताना दोन्हीला चालतो, मग घोळ डबल.

शिरेचं काम सोपं आहे. ती पोकळ नळी, तिच्यातून खरंच काहीतरी वाहतं, हिडकलच्या कॅनॉलला पाणी सोडतात तसं. पायातलं रगात वर चढवायचं म्हणून आत छोट्या झडपा असतात, त्या ढिल्या पडल्या की शीर फुगते. झालं.

दुसरी नस, म्हणजे मज्जातंतू, तिच्यातून वाहत काहीच नाही. पांढरट दोरीसारखी, आत हजारो बारीक धागे, आणि एकेक धागा म्हणजे एकेका पेशीचा लांबलेला हात. तुमच्या पायाच्या अंगठ्याची खबर देणारी पेशी कमरेच्या मणक्यापाशी बसलेली असते, तिचा धागा तिथनं अंगठ्यापर्यंत, जवळजवळ १ मीटर! निरोप कसा जातो तर उसाच्या पाचटाला आग लावल्यावर जाते तसा. पाचट जागचं हलत नाही, आग पुढं सरकते. धाग्याच्या आत बाहेरपेक्षा विजेचा दाब साधारण ७० मिलिव्होल्ट कमी असतो, धक्का बसला की पडद्यातली दारं उघडतात, बाहेरचं सोडियम आत घुसतं, त्या झटक्यानं पुढची दारं उघडतात, मागनं पोटॅशियम बाहेर पडून सगळं परत जागेवर. एका ठिकाणचा हा खेळ साधारण १ मिलिसेकंदाचा, आणि पाचटासारखी राख होत नाही, लगेच पुढच्या निरोपाला तयार.

म्हणून वायरीतल्या करंटसारखा करंट पण हा नव्हे, त्याच्यापेक्षा लईच हळू. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झ ह्या जर्मन शास्त्रज्ञानं बेडकाच्या नसेत मोजला तर सेकंदाला २५-३० मीटरच भरला. आपल्यात चरबीचं वेष्टण असलेल्या जाड धाग्यांत १२० मीटरपर्यंत जातो, आणि उघड्या बारीक धाग्यांत फक्त १ मीटरच्या आसपास, म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशी बेळगावच्या गणपत गल्लीतल्या बाजारातनं चालल्यागत. करंगळी उंबऱ्याला आपटली की बघा, आपटल्याचं लगेच कळतं, पहिली तीक्ष्ण कळ पण पाठोपाठ येते, आणि ती "आई गं" म्हणायला लावणारी ठणक जरा मागनं येते. निरोप निघाले एकदमच, पण ठणकेचा चालत आला.

आता आत्तीच्या मुंग्या. गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला हाडाचं टेंगूळ लागतं ना, तिथनं एक नस अगदी कातड्याखालनं जाते, मांडी घातली की ती चेपते. निरोप अडतात, पाय मेल्यागत होतो, आणि दाब सुटला की धागे उगीचच वेडेवाकडे निरोप पाठवत सुटतात, त्याच मुंग्या. पण नसेला स्वतःला जगायला रगात लागतं आणि दाबाखाली तेही कमी पडतं, म्हणजे आत्ती अगदीच चूक नाही. (आणि रात्री पोटरीत "नस चढते" ती ह्या दोन्हीतली नाही, तो स्नायूचा गोळा.)

त्यामुळं डॉक्टरकडं जाऊन नुसतं "नस दुखतीय" म्हणू नका. निळी दिसतीय, फुगलीय, संध्याकाळी जड होतंय, का मुंग्या, आग, बधिरपणा, ते सांगा. शुगरवाल्यांनी तर नक्कीच, कारण शुगर नसा आणि नसांना रगात पुरवणाऱ्या बारीक नळ्या दोन्ही खराब करते, आणि पहिला मार सगळ्यात लांब धाग्यांवर, म्हणजे पायाच्या बोटांवर. आमच्या मामांची चप्पल मागं बाजारात पायातनं निसटली, ते तसेच चार पावलं पुढं गेले, मागनं येणाऱ्या पोरानं हाक मारून सांगितलं तेव्हा कळलं.