सैन्यात पाद्री म्हणून भरती: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज अडतो त्या जागा

भारतीय सैन्यात ख्रिस्ती धर्मगुरूची भरती ‘धर्मशिक्षक’ या पदावर होते. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि बौद्ध भिक्खू अशा सर्वांसाठी एकच जाहिरात निघते. निवड झालेल्या उमेदवाराला थेट नायब सुभेदाराचा हुद्दा मिळतो, म्हणजे तो जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, जवान आणि कमिशन्ड अधिकारी यांच्या मधला हुद्दा) होतो. अमेरिकेच्या लष्करात चॅप्लन, म्हणजे लष्करी धर्मगुरू, हा कमिशन्ड अधिकारी असतो, आणि तिकडची माहिती वाचून आलेले अनेक तरुण पाळक आपल्याकडेही तसेच असेल असे धरून चालतात. हा गैरसमज अर्ज भरण्याआधीच दूर झालेला बरा. जागा फार थोड्या असतात. 2022 सालच्या 128 जागांच्या जाहिरातीत पाद्र्यांसाठी केवळ 2 जागा होत्या. इतक्या थोड्या जागांसाठी चांगला उमेदवार कागदाच्या एका ओळीपायी बाद होतो, तेव्हा फार वाईट वाटते, म्हणून ही माहिती सविस्तर लिहीत आहे.

पात्रतेच्या अटी मोजक्याच आहेत. उमेदवार पुरुष असावा, कोणत्याही शाखेचा पदवीधर असावा, किमान 25 वर्षांचा असावा आणि त्याला अधिकृत धर्मसत्तेकडून पाळकपणाची दीक्षा मिळालेली असून त्याचे नाव स्थानिक बिशपांच्या मान्य यादीत ‘अद्याप’ असावे. सर्वाधिक अर्ज अडतात ते या ‘अद्याप’ शब्दावर.

बहुतेक उमेदवार दीक्षापत्र जोडतात आणि काम झाले असे समजतात. परंतु दीक्षापत्र हे त्या दिवशी दीक्षा झाली एवढेच सांगते. आज तुम्ही बिशपांच्या यादीत आहात की नाही, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी बिशपांच्या कार्यालयाचे ताजे पत्र लागते. एका पाळकाने मला असे पत्र मोठ्या विश्वासाने दाखवले होते. लेटरहेड होते, शिक्का होता, सही होती, आणि मजकुरात त्यांची प्रभुभक्ती, गोड गळा व मंडळीतील सेवा यांचे मनापासून केलेले कौतुक होते. मात्र त्यांची दीक्षा कोणत्या तारखेला झाली आणि ते आज यादीत आहेत का, याबद्दल एक अक्षरही नव्हते. असे पत्र तपासणीच्या टेबलावर टिकत नाही. पत्र मागायला जाताना मजकूर आपणच नेमका लिहून न्यावा: अमुक व्यक्तीस अमुक दिनांकास पाळकपदाची दीक्षा देण्यात आली असून, आजच्या तारखेस त्यांचे नाव या धर्मप्रांताच्या (बिशपांच्या अखत्यारीतील क्षेत्राच्या) मान्य पाळकांच्या यादीत आहे. ही दोन विधाने, तारीख, सही आणि शिक्का एवढे पुरे आहे. ज्यांची दीक्षा एका धर्मप्रांतात झाली आणि सेवा दुसऱ्या धर्मप्रांतात चालू आहे, त्यांनी सध्या ज्यांच्या यादीत नाव आहे त्या बिशपांकडे जावे.

कॅथोलिक गुरूंना आणखी एक पायरी आहे. चर्चच्या कायद्यातील 289 व्या कलमानुसार आपल्या धर्माधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय गुरूने स्वेच्छेने लष्करी सेवेत जाऊ नये. जेझुइटांसारख्या धर्मसंघातील (स्वतःचे वेगळे वरिष्ठ असलेल्या गुरूंच्या संघटनेतील) गुरूंचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण त्यांना परवानगी संघाच्या वरिष्ठांची हवी आणि यादीतील नावाबद्दलचे पत्र बिशपांचे हवे. ही दोन्ही पत्रे मिळवण्यात महिने जाऊ शकतात, तर अर्जाची खिडकी काही आठवडेच उघडी असते. त्यामुळे जाहिरातीची वाट न पाहता परवानगीचे काम आधीच सुरू करावे.

ज्या मंडळ्यांमध्ये बिशप हे पदच नाही, त्यांच्या आणि स्वतंत्र मंडळ्यांच्या पाळकांची अवस्था सर्वांत कठीण आहे. घरातून चालणाऱ्या मंडळीच्या ज्येष्ठांनी हात ठेवून केलेली दीक्षा सेवेसाठी पुरेशी असेल, पण भरती कार्यालय त्या ज्येष्ठांना ‘अधिकृत धर्मसत्ता’ मानेल असे गृहीत धरू नये. अर्ज भरण्यापूर्वी भरती कार्यालयाला लेखी विचारावे आणि उत्तरही लेखीच घ्यावे. अट लिहिताना बिशप नसलेल्या मंडळ्यांचा विचार स्पष्टपणे व्हायला हवा होता, आणि तो न झाल्याचा भुर्दंड उमेदवाराने सोसावा हे मला पटत नाही.

पदवीबाबतही फसगत होते. बायबल कॉलेजचे तीन किंवा चार वर्षांचे प्रमाणपत्र म्हणजे मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी, असा अनेकांचा प्रामाणिक समज असतो. सेरामपूर कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार 1827 च्या सनदेने मिळाला आहे. परंतु सेरामपूरच्या व्यवस्थेबाहेरच्या कितीतरी सेमिनरींची (पाळक घडवणाऱ्या संस्थांची) प्रमाणपत्रे सरकारी तपासणीत पदवी ठरत नाहीत. अशा वेळी बीए किंवा बीकॉमची पदवी असेल तर तीच जोडावी.

वयाची गणना अर्ज भरण्याच्या दिवशी होत नाही. यापूर्वीच्या जाहिरातींत त्यासाठी 1 ऑक्टोबर ही तारीख धरलेली होती. जाहिरातीत जन्मतारखांची जी मर्यादा छापलेली असते तिच्याशी दहावीच्या प्रमाणपत्रावरील जन्मतारीख ताडून पाहावी, बोटांवर वय मोजत बसू नये.

नावाचा घोळ हा आपल्याकडचा जुना आजार आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर दुसरे आणि दीक्षेच्या वेळी घेतलेले तिसरे. महाराष्ट्रात काही घरांत शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात अजून ‘हिंदू’ लिहिलेले असते. नावातील बदल राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावा. किरकोळ स्पेलिंगच्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र तयार ठेवावे. अनुसूचित जातींबाबतच्या 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती व्यक्ती अनुसूचित जातीत धरली जात नाही, म्हणून जुना जातीचा दाखला आणि दीक्षापत्र एकाच गठ्ठ्यात कधीही देऊ नका. त्यातून निष्कारण चौकशी ओढवते.

रहिवासी दाखला, वर्तणुकीचा दाखला, गुणपत्रिका आणि छायाचित्रे नेहमीप्रमाणेच लागतात. अर्ज सैन्याच्या भरतीच्या अधिकृत संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो.

शारीरिक चाचणीला मात्र हलके लेखू नये. उंची 160 सेंटीमीटर, छाती 77 सेंटीमीटर, वजन 50 किलो आणि 1600 मीटर धावणे 8 मिनिटांत, हे धर्मशिक्षकालाही लागू आहे. क्रूस गोंदवून घेतलेल्यांनी लक्षात ठेवावे की गोंदण कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूस किंवा तळहाताच्या मागच्या बाजूस असेल तरच सर्वसाधारणपणे चालते.

लेखी परीक्षेचा पहिला पेपर सामान्य ज्ञानाचा आणि दुसरा स्वतःच्या धर्माच्या ज्ञानाचा असतो. त्यानंतर मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. धर्मशिक्षकांचे प्रशिक्षण पुण्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत होते. तिथून युनिटमध्ये गेल्यावर प्रार्थना घेणे, रुग्णालयात जवानांना भेटणे, शिक्षा भोगणाऱ्यांची विचारपूस करणे आणि दफनविधी करणे ही कामे पाद्र्याकडे येतात.