प्रशिक्षक मोठा की खेळाडू? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

संघ जिंकला की खेळाडूंचं कौतुक आणि ओळीनं चार सामने हरला की प्रशिक्षकाची गच्छंती, हा आजच्या फुटबॉलचा रिवाज. श्रेय कुणाचं आणि दोष कुणाचा, यावर चाहते हिरिरीनं भांडतात. पण व्यावसायिक फुटबॉलच्या सुरुवातीला हे भांडण संभवतच नव्हतं. इंग्लंडमध्ये पैसे घेऊन खेळायला १८८५ मध्ये मान्यता मिळाली, १८८८ मध्ये लीग सुरू झाली आणि त्यानंतर कित्येक वर्षं संघ निवडण्याचं काम क्लबचे संचालक करत. सेक्रेटरी पत्रव्यवहार आणि हिशेब पाही, ट्रेनर खेळाडूंना पळवी आणि त्यांचे पाय चोळून देई. सामना कसा खेळायचा हे मैदानावरचे अकरा जण आणि त्यांचा कप्तान बघून घेत. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाला वॉल्टर विंटरबॉटम यांच्या रूपानं पहिला मॅनेजर मिळाला तो १९४६ मध्ये, आणि तरीही अकरा जणांची यादी निवड समितीच करत राहिली. तो अधिकार आल्फ रॅम्झी यांनी पद स्वीकारताना मागून घेतला. त्यांच्याच हाताखाली इंग्लंड १९६६ मध्ये विश्वविजेता झाला.

प्रशिक्षकाला पहिल्यांदा खरं वजन आलं ते एका नियमामुळे. १९२५ पर्यंत ऑफसाइड, म्हणजे चेंडू मिळताना नियमापेक्षा पुढे उभं असण्याचा दोष, टाळायचा तर आघाडीच्या खेळाडूच्या पुढे प्रतिस्पर्धी संघाचे किमान तीन जण असावे लागत. त्या वर्षी तीनाचे दोन झाले आणि गोलांचा नुसता पाऊस पडू लागला. बचाव नव्यानं बांधणं भाग पडलं. हडर्सफील्डला सलग दोनदा लीग जिंकून देणारे हर्बर्ट चॅपमन नुकतेच आर्सेनलला आले होते. ऑक्टोबरमध्ये न्यूकॅसलनं आर्सेनलला ७-० असं धुतलं, तेव्हा मधल्या हाफला, म्हणजे मधल्या फळीच्या मधोमध खेळणाऱ्याला, मागे ओढून दोन बचावपटूंच्या मध्ये उभं करा, असा आग्रह चार्ली बुखन यानं धरला. बुखन हा संघातला खेळाडू. चॅपमन यांनी ती सूचना उचलली आणि तिच्याभोवती पुढच्या काही वर्षांत डब्ल्यूएम (खेळाडूंची मांडणी W आणि M या अक्षरांसारखी दिसते ती) ही अख्खी रचना उभी केली. शिवाय डेव्हिड जॅकसाठी १०,८९० पौंड मोजले, जो त्या काळचा विक्रम होता. त्यांच्या कारकिर्दीत १९३१ आणि १९३३ ची लीग आली. जानेवारी १९३४ मध्ये त्यांचं निधन झालं, आणि त्यांच्याविना आर्सेनलनं १९३४ व १९३५ चीही लीग जिंकली. हडर्सफील्डनंही ते निघून गेल्यावर तिसरं विजेतेपद मिळवलंच होतं.

आता याचा अर्थ काय लावायचा? खेळाडू चांगले होते म्हणून कुणीही जिंकलं असतं, असं म्हणता येतं. प्रशिक्षकानं घडवलेली घडी त्याच्यामागेही टिकली, असंही म्हणता येतं. मला दुसरं अधिक पटतं, कारण हीच गोष्ट पुढे नेदरलँड्सच्या आयाक्स क्लबमध्ये घडली. रिनस मिखेल्स यांनी १९७१ मध्ये युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) जिंकून क्लब सोडला, स्टेफान कोवाच आले आणि १९७२ व १९७३ चे कपही आयाक्सलाच मिळाले. योहान क्रॉयफ तोच, नेस्केन्स तोच, वर चढून खेळणं आणि जागा अदलून बदलून घेणं तेच. कोवाच यांनी लगाम सैल सोडला, पण घोडे कसे धावायचे ते आधीच शिकले होते.

आपल्या देशात उत्तम खेळाडू आहेत म्हणजे झालं, हा इंग्लंडचा समज २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्बलीवर मोडला. हंगेरीनं ६-३ असा विजय मिळवला. पुश्काश, कोचिश, बोझिक यांची गुणवत्ता निर्विवाद होती, पण इंग्लंडचे खेळाडू गोंधळले ते वेगळ्याच कारणानं. नऊ नंबरचा हिदेगकुटी पुढे थांबतच नव्हता, तो मधल्या फळीत उतरत होता. त्याच्यामागे जावं तर मागे भगदाड, न जावं तर तो मोकळा, आणि या पेचात हॅरी जॉन्स्टन सापडला. हिदेगकुटीनं तीन गोल केले. हंगेरीच्या मंडळींनी सामन्यानंतर आपले गुरू म्हणून जिमी होगन या इंग्रज प्रशिक्षकाचे आभार मानले. घरच्यांनी फारशी किंमत न दिल्यानं त्यानं उमेदीची वर्षं मध्य युरोपात घालवली होती. सहा महिन्यांनी बुडापेस्टमध्ये ७-१ झालं. ‘प्रशिक्षण कशाला हवं’ हा प्रश्न इंग्लंडमध्ये त्यानंतर पूर्वीच्या तोऱ्यात विचारला गेला नाही. मात्र हाच हंगेरियन संघ १९५४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीकडून २-३ असा हरला, ज्या जर्मनीला त्यानं गटात ८-३ असं हरवलं होतं. जर्मनीचे प्रशिक्षक सेप हर्बर्गर यांनी गटातल्या त्या सामन्यात आपले अनेक नेहमीचे खेळाडू उतरवलेच नव्हते.

या वादात पैशाचा धागा फार उशिरा पाहिला जातो, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. इंग्लंडमध्ये १९६१ पर्यंत खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा होती, शेवटी ती आठवड्याला २० पौंड होती. जास्त पगार देऊन सगळी गुणवत्ता एका ठिकाणी जमवणं अवघड होतं. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये, १९६७ मध्ये युरोपियन कप जिंकणाऱ्या सेल्टिकचे अकराच्या अकरा खेळाडू ग्लासगोच्या मैदानापासून सुमारे ३० मैलांच्या आत जन्मलेले होते. गुणवत्ता अशी विखुरलेली असते तेव्हा जॉक स्टीनसारख्या प्रशिक्षकाचा हात स्पष्ट दिसतो.

ब्रायन क्लफ यांची गोष्ट याच काळातली. १९७४ मध्ये त्यांना लीड्स युनायटेड मिळालं, म्हणजे लीगचा विद्यमान विजेता. तिथे ते ४४ दिवस टिकले. पुढच्या जानेवारीत ते दुसऱ्या श्रेणीतल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेले. १९७७ मध्ये बढती, १९७८ मध्ये पहिल्या श्रेणीचं विजेतेपद, १९७९ आणि १९८० मध्ये युरोपियन कप. जॉन रॉबर्टसन त्यांना भेटला तेव्हा तो सुटलेल्या अंगाचा आणि क्लबला नकोसा झालेला खेळाडू होता. १९७९ च्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल त्याच्या क्रॉसवर झाला, १९८० चा एकमेव गोल त्यानं स्वतः केला. मात्र क्लफ आणि त्यांचे सहकारी पीटर टेलर यांनी गोलरक्षक पीटर शिल्टनला विकत आणलं होतं, ट्रेव्हर फ्रान्सिससाठी दहा लाख पौंड मोजले होते. आपण ज्याला त्या काळातलं ‘प्रशिक्षण’ म्हणतो त्यात माणसं हेरण्याचा वाटा मोठा होता आणि त्या कामात टेलर यांचा हात कुणी धरू शकत नसे.

दोन्ही बाजूंचं वजन एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायचं असेल तर अरिगो साकी यांच्याकडे पाहावं. ते कधीही व्यावसायिक फुटबॉल खेळले नव्हते. १९८७ मध्ये इटलीतल्या मिलान क्लबला आले, पहिल्याच हंगामात मॅराडोनाच्या नापोलीला मागे टाकून लीग जिंकली, मग १९८९ आणि १९९० चे युरोपियन कप. बचाव, मध्य आणि आघाडी अशा तिन्ही फळ्यांनी एकमेकींपासून ठरावीक अंतरावर राहून एकत्र सरकायचं, हा त्यांचा ध्यास. ते ही गोष्ट सांगत: गोलरक्षक आणि चार शिस्तबद्ध बचावपटू एका बाजूला, दहा आक्रमक दुसऱ्या बाजूला, आणि तरी आक्रमकांना गोल मिळत नसे. व्यक्तीपेक्षा रचना मोठी, हे मत इतक्या ठामपणे दुसऱ्या कुणी क्वचितच मांडलं असेल.

हेच साकी १९९४ मध्ये इटलीचा संघ घेऊन अमेरिकेत विश्वचषकाला गेले. नॉर्वेविरुद्ध गोलरक्षक पाल्युका लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. राखीव गोलरक्षक आणायचा तर एकाला काढावं लागणार. साकी यांनी काढलं ते रॉबर्टो बाज्जोला, आदल्या वर्षीच्या बॅलन डी’ओर (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) विजेत्याला. दहा जणांत धावून बचाव करणारे लागतील, हा त्यांचा हिशेब. इटली १-० असा जिंकला, म्हणजे हिशेब बरोबर होता. पण बाद फेरीत नायजेरियाविरुद्ध इटली पुन्हा दहा जणांवर, एका गोलनं मागे आणि घड्याळात ८८ वं मिनिट. बाज्जोनं बरोबरी साधली, जादा वेळेत पेनल्टीवर दुसरा गोल केला. स्पेनविरुद्ध शेवटच्या मिनिटांत विजयी गोल त्याचा. बल्गेरियाविरुद्ध उपांत्य सामन्यात दोन्ही गोल त्याचे. रचनेच्या सर्वांत मोठ्या पुरस्कर्त्याला अंतिम सामन्यापर्यंत एका माणसाच्या पायांनी नेलं. आणि ब्राझीलविरुद्ध पेनल्टींमध्ये शेवटचा चेंडू बारवरून गेला तोही त्याचाच. फुटबॉलच्या इतिहासात याहून हृदयाला पीळ पाडणारा पंधरवडा मला आठवत नाही.

अर्जेंटिनाला विश्वचषक जिंकून देणाऱ्या मॅराडोनाचं १९८६ हे गुणवत्तेच्या बाजूचं नेहमीचं उदाहरण, आणि ते खरंही आहे: पाच गोल स्वतःचे, पाच दुसऱ्यांना करून दिलेले. फक्त कार्लोस बिलार्दो यांनी त्याला कप्तान केलं, बचावाच्या कामातून मोकळं ठेवलं आणि बाकीचा संघ त्याच्याभोवती बांधला, हे सोबत सांगायला हवं. २०१० च्या विश्वचषकात अर्जेंटिनाचा प्रशिक्षक म्हणून मॅराडोनाकडे लिओनेल मेस्सी होता. जर्मनीनं त्यांना ४-० असं घरी पाठवलं.

डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयानं दिलेल्या बोस्मन निकालानं करार संपलेल्या खेळाडूला युरोपीय संघराज्यात हस्तांतरण शुल्काविना क्लब बदलायची मुभा दिली, युरोपीय नागरिकांवरची कोटा पद्धतही गेली. गुणवत्ता झपाट्यानं श्रीमंत क्लबांकडे गोळा होऊ लागली. स्टीफन शिमान्स्की यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी इंग्लिश क्लबांचे आकडे मांडले तेव्हा दिसलं की लांब पल्ल्यात क्लबचा एकूण पगारखर्च आणि तक्त्यातलं स्थान यांचं नातं अतिशय घट्ट आहे. पगार हा गुणवत्तेचा बाजारभाव मानला तर हा कौल खेळाडूंच्या बाजूनं जातो. प्रशिक्षक बदलल्यावर येणारी उभारी बरेचदा फक्त वाईट नशिबाचा फेरा संपल्याची असते, असंही या अभ्यासांत पुढे आलं. पगारखर्चाच्या मानानं वर्षानुवर्षं वर राहणारे प्रशिक्षक मोजके.

पण मोजके म्हणजे शून्य नव्हे. अॅलेक्स फर्ग्युसन २०१३ मध्ये विजेतेपदासह निवृत्त झाले. जवळपास तोच मँचेस्टर युनायटेड पुढच्या हंगामात सातवा आला. उलट रेआल माद्रिदनं २००३ मध्ये विसेंते देल बोस्के यांना जाऊ दिलं, माकेलेलेला विकलं, बेकहॅमला आणलं, आणि तारे वाढूनही २००७ पर्यंत लीग मिळाली नाही. शिवाय खेळाडूची गुणवत्ता येते कुठून, हेही विचारायला हवं. २०१० च्या बॅलन डी’ओरचे पहिले तिघे, मेस्सी, इनिएस्ता आणि झावी, एकाच बार्सिलोना अकादमीत वाढले. तिथल्या ज्या प्रशिक्षकांनी त्यांना कोवळ्या वयात अरुंद जागेत पास द्यायला शिकवलं, त्यांची नावं कुठल्याच ट्रॉफीवर नाहीत.

पॅरिस सेंट-जर्मेननं नेमारसाठी २०१७ मध्ये २२ कोटी २० लाख युरो मोजले. २०२१ पासून दोन हंगाम मेस्सी, नेमार आणि एम्बापे एकत्र होते. दोन्ही वेळा चॅम्पियन्स लीगमध्ये अंतिम सोळांतच गाशा गुंडाळला. तिघेही गेल्यावर, २०२५ मध्ये, लुईस एन्रिके यांच्या संघानं इंटरला ५-० असं हरवून तो कप जिंकला. हा संघ गरीब नव्हता, पगारही थोडके नव्हते. पण उस्मान डेम्बेलेचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यासाठी एन्रिके यांनी त्याला संघातच घेतलं नाही. हिवाळ्यात त्याला उजव्या कडेवरून काढून मधोमध आणलं आणि प्रतिस्पर्धी गोलरक्षकावर सर्वांत आधी धावून जायचं काम दिलं. वर्षानुवर्षं दुखापतींमुळे वाया गेलेला खेळाडू म्हणून ओळखला जाणारा डेम्बेले त्या जागेवरून गोलामागून गोल करत सुटला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलन डी’ओर घेऊन गेला.