अभ्यासाचा अभंग आणि मुंबईची गाथा

‘असाध्य तें साध्य करितां सायास। कारण अभ्यास तुका म्हणे॥’ ही ओळ मुंबईत शाळेच्या भिंतीवर दिसते, लोकलमधल्या भजनात टाळांच्या ठेक्यावर ऐकू येते. माणूस चांगला जन्मत नाही, रोजच्या वागण्यातून घडतो, एवढा मोठा विचार तिच्यात आहे. वारकऱ्यांनी तो मुखोद्गत ठेवला, देहू-तळेगावच्या घराण्यांनी हस्तलिखितांत जपला. छापील गाथेची मोठी खटपट मात्र मुंबईत झाली.

१८६०च्या दशकात सर अलेक्झांडर ग्रँट मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्याचे प्रमुख होते. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे ते नावाजलेले संपादक. सद्गुण सवयीने अंगी बाणतो, हे ॲरिस्टॉटलचं मुख्य सांगणं. तुकोबांचा ‘अभ्यास’ याहून फार लांब नाही, असं मला मनापासून वाटतं. ग्रँट यांनी १८६७ मध्ये तुकोबांवर इंग्रजीत लेख लिहिला. सरकारने गाथेसाठी २४,००० रुपये मंजूर केले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूरच्या पोथ्या ताडून पाहिल्या, पाठभेद नोंदवले. इंदुप्रकाश छापखान्यातून पहिला भाग १८६९ मध्ये निघाला, दुसरा १८७३ मध्ये. मला या कामाइतकेच विष्णुशास्त्री महत्त्वाचे वाटतात. विधवाविवाहासाठी ते शंकराचार्यांपुढे वादाला उभे राहिले. १८६९ मध्येच त्यांच्या पुढाकाराने मुंबईत गाजलेला विधवाविवाह झाला आणि त्यांना बहिष्कार सोसावा लागला. पुढे पहिली पत्नी वारल्यावर त्यांनी स्वतःही विधवेशीच लग्न केलं. जे अभंग त्यांनी संपादले, ते त्यांनी असे अंगावर घेतले.

मुंबईतच १८६७ मध्ये प्रार्थना समाज ही धर्मसुधारकांची संस्था स्थापन झाली. तिच्या उपासनेत तुकोबांचे अभंग आले. रानडे, भांडारकर त्यांवर निरूपण करत. गिरगावातल्या समाजाच्या प्रार्थनामंदिरात शिकलेली मंडळी जमत, तर गिरणगावातल्या चाळींत हेच अभंग पखवाजावर रात्र रात्र चालत. दोन्हीकडचे श्रोते फारसे एकत्र बसले नाहीत, याची खंत वाटते.

ही दरी ओलांडायला प्रार्थना समाजाचे प्रचारक विठ्ठल रामजी शिंदे पुढे आले. १९०६ मध्ये त्यांनी निराश्रित साहाय्यकारी मंडळीची स्थापना केली आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मंडळीची पहिली शाळा परळला उघडली.