लॅपटॉपवर होतं, पॅकेजमध्ये फुटतं

अंधेरीतल्या ऑफिसात ‘मेक’ ही कोडपासून प्रोग्रॅम बांधणारी कमांड दिली की प्रोग्रॅम मुकाट तयार होतो. तोच निक्स या पॅकेज मॅनेजरमधून बांधायला घेतला की बिल्ड, म्हणजे ही बांधणी, फुटते. आधी संशय पॅकेज मॅनेजरवर जातो, पण बहुतेक वेळा त्याने फक्त आडोसा काढून घेतलेला असतो. त्याच्या सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकी मशीनपासून तोडलेल्या जागेत, तुमचा पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) नाही, इंटरनेट नाही, आणि होम म्हणून ‘/होमलेस-शेल्टर’ हे अस्तित्वातच नसलेलं फोल्डर. लॅपटॉपवर कधीकाळी टाकलेली लायब्ररी बिल्ड न सांगता वापरत होतं, ते इथे उघड होतं.

लॉग वाचताना शेवटच्या ‘एरर २’वर थांबू नका. कामं समांतर चालतात, त्यामुळे खरी चूक बरीच वर असते. पहिली एरर शोधा. बिल्डआधी लागणाऱ्या गोष्टी तपासणारी ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट ‘लायब्ररी सापडली नाही’ म्हणत असेल तर तिची नोंदवही ‘कॉन्फिग.लॉग’ उघडाच. पुष्कळदा लायब्ररी जागेवर असते, ती शोधायला कॉन्फिगरने लिहिलेला छोटा चाचणी-प्रोग्रॅमच एखाद्या कडक कंपायलर फ्लॅगमुळे कंपाइल झालेला नसतो.

निक्सला ‘--कीप-फेल्ड’ दिलं की फुटलेलं बिल्ड फोल्डर जपून ठेवलं जातं; त्यातल्या ‘एन्व्ह-व्हार्स’ फाइलमध्ये त्या वेळचे सगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमना वातावरणातून मिळणारी मूल्यं) मिळतात. निक्स नसेल तर ‘एन्व्ह -आय’ने कोरं वातावरण घ्या, फक्त पाथ द्या आणि बिल्ड पुन्हा चालवा. तिथेही फुटलं तर अर्धं काम झालं. मग आपले व्हेरिएबल एकेक करून परत द्या. ज्याने बिल्ड यशस्वी होतं, तोच धागा.

मुंबईकरांना हमखास चकवते ती वेळ. १५ ऑगस्टचे पहाटेचे २ म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत १४ ऑगस्टचे रात्रीचे साडेआठ. टेस्टला १५ हवी असते, सँडबॉक्स १४ देतो. टाइमझोन ठरवणारा व्हेरिएबल ‘टीझेड=यूटीसी’ लावून टेस्ट चालवा, लॅपटॉपवरही तीच एरर येईल. टेस्टमध्ये ‘एशिया/कोलकाता’ ठरवून टाकणं योग्यच, पण सँडबॉक्समध्ये टाइमझोनच्या फाइली नसतील तर लिनक्सची मूळ सी लायब्ररी ग्लिबसी तक्रार न करता यूटीसीच धरते. म्हणून या फाइलींचं ‘टीझेडडेटा’ पॅकेजही बिल्डच्या गरजांमध्ये लिहा.

बिल्ड एकदा यशस्वी होतं, एकदा फुटतं, असं असेल तर ‘मेक -जे१’ करून, म्हणजे एका वेळी एकच काम चालवून, बघा. दर वेळी यशस्वी झालं, तर मेकच्या सूचनांच्या फाइलमध्ये, म्हणजे मेकफाइलमध्ये, कुठली फाइल कुणाआधी हवी हे लिहायचं राहिलंय. ‘-जे१’ कायमचं ठेवून मोकळं होऊ नका. राहिलेली ओळ लिहा आणि तो बदल (पॅच) मूळ प्रकल्पाकडे पाठवा.